ग्रीस नव्हं, तेल

मी चौथी पास. पाचवीच्या पहिल्याच महिन्यात मास्तरांनी विनाकारण छडी मारली, मी दप्तर उचललं आणि परत शाळेच्या वाटेला गेलो नाही. हट्टी मी तेव्हापासूनचा. त्यामुळं माझं लिहिणं वाचून कुणाला हसू आलं तर त्यानं खुशाल हसावं. पण उताणं झोपून, डोळे मिटून, नुसत्या बोटानं मोटारीचं निपल हुडकायचं म्हटलं तर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत माझ्या तोडीचा माणूस मी अजून पाहिलेला नाही. हा माझा गर्व आहे आणि तो मी लपवत नाही. त्यातला थोडा मेढ्याच्या रस्त्यावर उतरला, त्याची ही हकीगत. ज्यानं उतरवला त्याचे उपकार फेडणं काही मला जमायचं नाही, म्हणून लिहून तरी ठेवतो.

निपल म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. जुन्या गाडीत जिथं जिथं लोखंडावर लोखंड फिरतं, तिथं करंगळीच्या नखाएवढं एक टोक बसवलेलं असतं. त्याच्या तोंडात बारीक छर्रा असतो. ग्रीस गनचं तोंड त्यावर दाबून दांडा मारला की छर्रा मागं सरकतो आणि ग्रीस आत जातं. गन काढली की छर्रा परत तोंड मिटतो. ग्रीस आत, धूळ बाहेर. किती साधी अक्कल आहे बघा! ज्यानं कुणी हे पहिल्यांदा केलं त्याच्या पाया पडावं असं मला नेहमी वाटत आलंय. नव्या गाड्यांना निपल नसतात, सगळं कारखान्यातच बंद होऊन येतं. बिघडलं की काढून टाकायचं, नवं बसवायचं. जुन्या गाडीखाली मात्र महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी झोपून विचारावं लागतं, बाई, कुठं कोरडं पडलंय का?

हे विचारायला मला सांगलीत शिकवलं. आमच्या माण तालुक्यातले गडी मुंबईला जायचे. सगळे तिकडं जातात म्हणून मी सांगलीला गेलो, एवढंच कारण. तिथं बाजाराच्या मागं गाड्यांना ग्रीस मारायचा खड्डा होता. वर गाडी उभी, खाली आम्ही उभे. तिथला उस्ताद सीमेकडचा, बोलताना अर्धं कानडी, अर्धं मराठी. अंगानं काडी, पण त्याच्या हातात गन आली की ती त्याच्याच हाताचं लांबलेलं बोट वाटायची. आधी निपल चिंधीनं पुसायचं, मग गन लावायची. न पुसता लावलीस तर धूळच आत ढकलशील, हे त्याचं पहिलं सांगणं. दांडा मारत राहायचं. आतलं जुनं काळं ग्रीस कडेनं बाहेर यायला लागतं, त्याच्या मागून नवं पिवळं दिसतं. ते दिसलं की तो म्हणायचा, "साकु." म्हणजे पुरे. मग तंबाखूच्या डबीतल्या चुन्याचा एक ठिपका त्या निपलवर. ठिपका म्हणजे याचं पोट भरलं. शेवटी कंदील फिरवून बघायचं, बिनठिपक्याचं कुणी उपाशी राहिलं नाही ना.

"निपल दिसलं की ग्रीस," तो सांगायचा, "आन् पोट भरल्याबिगर उठवायचं न्हाई."

मी तंबाखू सोडून बरीच वर्षं झाली. चुन्याची डबी मात्र खिशात असते. उस्तादाचं मी काहीच सोडलं नाही.

आता साताऱ्यात मेढ्याच्या वाटेवर माझ्या मुलाचं दुचाकीचं गॅरेज आहे. त्याच्या शेजारी पत्र्याखाली माझा कोपरा आणि माझा खड्डा. हौसेनं जुन्या गाड्या बाळगणारी माणसं पुण्या-कोल्हापुराकडनं येतात, गाडी खड्ड्यावर लावतात आणि मी आत उतरतो. मुलगा म्हणतो, आबा, आता गुडघे बघा. मी म्हणतो, गुडघे निपलाचेच आहेत, वापरले तर चालतात.

गेल्या हिवाळ्यात, स्ट्रॉबेरी यायला लागली होती त्या दिवसांत, सकाळी एक बिस्किटाच्या रंगाची दोन दारांची जुनी मोटार आली. तिचं बॉनेट मडगार्डासकट पुढं उलटतं, सुसरीनं जबडा उघडावा तसं. या जातीच्या गाड्या मी सांगलीत असताना पुष्कळ हाताळलेल्या. चालवत होत्या एक बाई, पासष्टीच्या पुढच्या, नऊवारी नेसावी अशा वयाच्या, पण नेसलेली सहावारी आणि पायात पळायचे बूट. शेजारी त्यांचे यजमान, ताठ बसलेले, मिशा अजून फौजेतल्या.

"मिस्त्री तुम्हीच का? सांगलीत ज्याला विचारलं त्यानं तुमच्याकडंच बोट दाखवलं."

"मग बरोबर माणसाला विचारलंत," मी म्हणालो.

वहिनींनी सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. यजमान पलटणीच्या वर्कशॉपातले सुभेदार. पेन्शनीत आल्यावर त्यांनी ही गाडी जुनी विकत घेतली आणि स्वतःच्या हातानं उभी केली. एका स्क्रूलाही दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. तीन वर्षांमागं अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. "समजतं सगळं," त्या म्हणाल्या, "बाहेर काही येत नाही." सुभेदारांची धाकटी बहीण महाबळेश्वराच्या अलीकडं दिलेली, स्ट्रॉबेरीच्या मळ्यात. दर हिवाळ्यात सुभेदार स्वतः गाडी चालवत तिच्याकडं जायचे. आजारपणात ती सांगलीला भेटायला आली तर यांनी भिंतीकडं तोंड केलं. पलंगावर पडलेलं आपल्याला तिनं बघू नये म्हणून. आता या हिवाळ्यात त्यांनीच खुणेनं सांगितलं होतं, जायचं. एसटीनं नाही, टॅक्सीनं नाही. आपल्या गाडीतनं जायचं.

"म्हणून मी चालवायला शिकले. साठी उलटल्यावर," वहिनी म्हणाल्या. "घाटाच्या आधी एकदा तुमचा हात फिरू दे. डावीकडं वळवताना स्टेरिंग जड जातंय."

"ग्रीस मागतीया ती. लोण्यावानी करून देतो."

सुभेदारांना मुलानं आणि वहिनींनी धरून खाली उतरवलं, खड्ड्याच्या कडेला खुर्चीत बसवलं. मी आत उतरलो. पाटे, टायरॉड, मागचे सांधे, एकेक पुसत, भरत, ठिपका लावत पुढं आलो. गाडी खरोखर जिवापाड जपलेली होती. तीन वर्षांची धूळ सोडली तर खालनं सुद्धा घरातल्या भांड्यासारखी.

पुढच्या चाकांपाशी आलो तेव्हा वर धपधप आवाज आला. सुभेदार डाव्या तळव्यानं खुर्चीचा हात बडवत होते. मी मान वर केली. त्यांनी दोन बोटं दाखवली. मग माझ्या फळीकडं बोट केलं, तिथं गिअर ऑइलचा डबा होता. परत दोन बोटं. घशातनं नुसता घरघर आवाज.

"ते काहीतरी सांगतायत," वहिनी म्हणाल्या.

"सांगू द्या वैनी. फौजंतला माणूस. हुकूम दिल्याबिगर जेवन पचत न्हाई."

त्या हसल्या. ते हसले नाहीत.

शेजारनं मुलगा ओरडला, "आबा, ऐका की जरा त्येंचं!"

"तू तुझ्या स्कुटरीचं बघ. मला आता निपल दावायला लागलाय का कोण?"

मग मला वाटलं, मागच्या धुरीतलं, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरच्या पेटीतलं, ऑइल बघायला सांगत असतील. वर आलो, झाकण उघडलं, थोडं कमी होतं ते भरलं आणि त्यांच्यापुढं जाऊन सलाम ठोकला. "घ्या सायेब, हुकमाची तामिली." त्यांनी डोळे मिटले आणि मान वळवली. मी समजलो, समाधान झालं.

पुन्हा खाली. उजव्या चाकाचं निपल भरलं. डाव्या चाकाचं काही घेईना. दांडा मारावा तर ग्रीस गनच्या तोंडाच्या कडेनंच बाहेर. तीनदा मारून बघितलं. जे निपल ग्रीस घेत नाही ते एकतर भरलेलं असतं नाहीतर तुंबलेलं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण घाट चढून दुपारच्या आत पोचायचंय म्हणून वहिनी घड्याळ बघत होत्या, आणि वरनं तो तळवा परत बडवायला लागला होता. मला राग आला. मी म्हणालो, पोट भरलंय हिचं. आणि चुन्याचा ठिपका लावून टाकला.

वहिनींनी किती झाले म्हणून विचारलं. मी सांगितलं, येताना बहिणीच्या मळ्यातली एक पेटी आणा. गाडी मेढ्याकडं निघाली. आतनं सुभेदार काचेतनं माझ्याकडं बघत होते. तसं बघणं मी परत कुणाचं बघू नये.

गन पुसत बसलो होतो. हात कामात होता, पण ती दोन बोटं काही डोळ्यांपुढनं जाईनात. मागच्या धुरीला ऑइलची जागा एकच असते. मग दोन कशाला? गाडीत जोडीनं काय असतं? चाकं. पुढची दोन.

माझ्या कोपऱ्यात भंगाराचा ढीग आहे. त्यात याच जातीच्या गाडीचं चाकामागचं एक सामान कैक वर्षं पडून होतं. ताडपत्री उडू नये म्हणून तिच्यावर ठेवायचो. हे सामान म्हणजे एक उभा लोखंडी दांडा. त्याच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते आटे एका पितळी भांड्यात बसतात. स्टेरिंग वळवलं की दांडा त्या पितळेत फिरतो, त्याच्याबरोबर चाक वळतं. अख्ख्या पुढच्या गाडीचा भार त्या आट्यांवर. त्याच पितळेला निपल. माझ्याकडचा दांडा आट्यांतच तुटलेला होता. कधी काळी ती गाडी घाटात पुढचं चाक मोडून बसली होती. मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, ड्रायव्हरनं खड्ड्यात घातली. त्या गाडीला ग्रीस मीच मारायचो.

तो तुकडा मुलाच्या कामाच्या बाकावर शिकंज्यात आवळला. पितळ तापवलं, पान्यानं पिळून काढलं. निपलच्या तोंडाशी ग्रीसचा खडा, वाळलेल्या मेणासारखा. माझंच ग्रीस. आणि त्याच्या आत आटे कोरडे ठाक, तांबडे. ग्रीस उंबऱ्यावरच बसून राहिलं होतं. आट्याच्या बारीक फटीत शिरणं त्याच्या अंगातच नव्हतं. तिथं पातळ काहीतरी जायला पाहिजे. तिथं तेल पाहिजे.

निपल दिसलं की ग्रीस. उस्ताद हे शिकवून गेला आणि मी अर्धशतक ते पाळलं. त्याच्यावर मला तेव्हाही राग आला नाही, आजही नाही. त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढं सगळं त्यानं मला दिलं, एक दाणा मागं ठेवला नाही. फक्त असं वाटलं, सुभेदार जर त्या सांगलीच्या खड्ड्यावर बसून बोट दाखवत असते तर उस्तादानं गन खाली ठेवली असती आणि म्हणाला असता, काय सांगताय ते नीट सांगा. तो माझ्यापेक्षा बरा माणूस होता.

मुलाला म्हटलं, "वैनींला फोन लाव."

सकाळी निघताना त्यांनी मुलाकडं नंबर ठेवला होता. रिंग वाजत राहिली. परत लावला. परत वाजत राहिली.

"चालवत्यात, उचलणार न्हाईत," मुलगा म्हणाला. "का? काय झालं?"

"डाव्या चाकाचा दांडा कोरडा हाय. घाटात बसला तर मोडंल. चाक आडवं हुईल."

त्यानं त्या बाकावरच्या तुकड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. "आबा, मगाशी त्यो माणूस बडवून बडवून हेच सांगत हुता."

"व्हय. आता तू बडवू नगंस. गाडी काढ."

गिअर ऑइलचा डबा, पाने, तार, चिंध्या पिशवीत टाकल्या आणि मुलाच्या मागं मोटारसायकलवर बसलो. मला पाठीमागं बसायचा लय राग आहे. त्या दिवशी मीच त्याला 'हाण' म्हणत होतो. प्रत्येक वळणाला रस्त्याच्या कडेला बघत होतो, बिस्किटाचा रंग कुठं तिरका पडलेला दिसतोय का. मनात एकच, मेढ्याच्या पुढं गेलेले नसू देत. मेढ्याच्या पुढं केळघरचा घाट आणि घाटाला कडे आहेत.

मेढ्यात शिरताच एका चहाच्या टपरीपुढं गाडी उभी दिसली. चारी चाकांवर सरळ. मी मोटारसायकल थांबायच्या आधीच उतरलो आणि पडता पडता वाचलो. ऊस भरायला चाललेला एक टेम्पोवाला तिथं चहा पीत होता. तो म्हणाला, "आजोबा, कुठं आग लागलीया?"

सुभेदारांना पायात गोळे आले म्हणून वहिनींनी गाडी थांबवली होती. त्या पायांच्या गोळ्यांचे पण उपकारच. त्या बाहेर बाकावर बसून चहा पीत होत्या, सुभेदार गाडीतच होते. मला बघून वहिनी उठल्या.

"काय हो मिस्त्री, काही राहिलं का?"

"वैनी, गाडी पुढं न्यायची न्हाई. मी चुकलोय."

मुलानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांच्या त्याच्या आयुष्यात हा शब्द माझ्या तोंडून त्यानं पहिल्यांदा ऐकला असणार.

मी सुभेदारांच्या खिडकीशी गेलो. पिशवीतनं ऑइलचा डबा काढला, वर धरला आणि दोन बोटं दाखवली. त्यांचा चेहरा अर्धाच हलतो. पण तेवढा अर्धा असा हसला की मला खाली बघावं लागलं. डाव्या हातानं त्यांनी आपली मांडी बडवली, एकदा, दोनदा, तीनदा.

"हेच म्हणत हुता न्हवं?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. होय, हेच.

टपरीवाल्याची खुर्ची आणून त्यांना चाकाशेजारी बसवलं. मुलानं जॅक लावला. आधी उजवं चाक. मी निपल काढलं, त्याच्यावर माझा चुन्याचा ठिपका पांढराफेक दिसत होता. तारेनं आतलं सकाळचं ग्रीस ओढून काढलं. टेम्पोवाल्यानं बाटलीत डिझेल दिलं, त्यानं भोक धुतलं. सुभेदारांकडं बघितलं. त्यांनी बोट गोल फिरवलं, परत धू. परत धुतलं. परत बोट फिरलं. तीन वेळा धुतल्यावर त्यांनी मान हलवली. आयुष्यात दुसऱ्याच्या होकारासाठी मी थांबलो तो पहिल्यांदा उस्तादाच्या खड्ड्यात, आणि त्यानंतर इथं.

आता तेल आत घालायचं कशानं? ग्रीस गनमध्ये तेल टिकत नाही, गळून जातं, आणि ती आणलीही नव्हती. मी इकडं तिकडं बघायला लागलो. वहिनींनी आपली पिशवी उघडली आणि एक मोठी प्लास्टिकची सिरिंज काढली, सुई नसलेली.

"हिच्यातनं यांना मी सहा महिने पेज दिली," त्या म्हणाल्या. "आता ते चमच्यानं खातात. पण प्रवासाला निघताना बरोबर ठेवतेच. चालेल का?"

"वैनी," मी म्हणालो, "ह्याच्याहून चांगलं हत्यार माज्या सबंध कोपऱ्यात न्हाई."

सिरिंजमध्ये तेल ओढलं, भोकाला तोंड लावलं आणि हळूहळू दाबलं. मुलगा चाक डावी-उजवीकडं फिरवत होता. थोड्या वेळानं पितळेच्या वरच्या कडेला तेलाची ओली रेघ आली. स्वच्छ. चाक हलकं झालं, मुलाच्या हातालाच कळलं. "आयला, काय फिरतंय!" तो म्हणाला. सुभेदारांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते वर्कशॉपातल्या साहेबाचं समाधान होतं, नवीन भरती झालेल्यानं पहिलं काम बरोबर केल्यावरचं.

"शिकला बरं का म्हातारा," टेम्पोवाला म्हणाला. "पगार वाढवा त्येचा."

मग डावं चाक. त्याचं निपल काढलं तर आत खडाच. तारेनं टोकरून टोकरून काढला. तो सकाळचा नव्हता, जुना होता. वहिनींनी आता सांगितलं, आजारपणाच्या आधी शेवटचा घाट उतरून आल्यावर सुभेदारांनी तेवढी एकदाच गाडी कुणा दुसऱ्याला दाखवली होती, त्यांचे हात तेव्हाच जड पडायला लागले होते. त्या कुणीतरी तिथं ग्रीस भरलं असणार. माझ्यासारखाच कुणीतरी, निपल दिसलं की ग्रीस म्हणणारा.

धुतलं, तेल दाबलं. कडेनं आधी लाल पाणी आलं, मग तेल. चाक फिरलं खरं, पण मध्येच एके ठिकाणी अडकत होतं. मी कडेचं तेल बोटानं पुसलं.

"मग? जाता येईल ना?" वहिनींनी विचारलं.

खरं सांगायचं तर मला हो म्हणायचं होतं. त्यांचा सगळा हिवाळा या एका दिवसावर उभा होता आणि तो सकाळी माझ्या हातानं बिघडला होता. मी म्हणालो, "हळू गेलं, कडंकडंनं गेलं, तर कदाचित..."

सुभेदारांनी हात पुढं केला. माझं बोट मागितलं. मी पुढं धरलं. त्यांनी आपल्या अंगठ्यानं त्यावरचं तेल चोळलं आणि उन्हात धरलं. तेलात बारीक पिवळी चमक होती, सोनाराच्या दुकानातल्या धुळीसारखी. पितळेचा चुरा. आतले आटे पितळ खरवडून खात होते.

ते त्या अंगठ्याकडं बघत राहिले. मग घाटाकडं जाणाऱ्या रस्त्याकडं. मग वहिनींकडं. आणि त्यांनी मान हलवली. नाही.

वहिनींनी तोंड फिरवलं. "महिनाभर रोज सकाळी बोटं मोजून दाखवत होते, किती दिवस राहिले म्हणून," त्या मुलाला म्हणाल्या, मला नाही.

गाडी नंतर टेम्पोत घालून सांगलीला पोचवली, आणि आठवड्यानं मी तो दांडा तिथं जाऊन त्यांच्या अंगणात उघडला. आट्यांतलं लोखंड निम्मं खाल्लेलं होतं. घाट सोडाच, एक चांगला खड्डा पुरला असता. सुभेदारांनी ते न उघडताच अंगठ्यावर ओळखलं होतं. नवा दांडा, नवं पितळ बसवलं, आणि आत काय भरायचं ते मी त्यांना विचारून भरलं, माहीत असून सुद्धा. आता या जातीची गाडी माझ्याकडं आली की मालकाला आधी सांगतो, इथं तेल. कुणी विचारलं की हे कुणी शिकवलं, तर सांगतो, एका सुभेदारानं, एक शब्दही न बोलता. मी अडाणी मेलो असतो. या वयात कुणी शिकवायला भेटतो ही लहान गोष्ट नाही.

पण त्या दिवशी मेढ्यात मला हे काहीच दिसत नव्हतं. मला दिसत होती ती सुभेदारांची खाली गेलेली मान. वहिनी म्हणाल्या, परत फिरूया, टॅक्सीनं जायला ते तयार होणार नाहीत. मी म्हणालो, "वैनी, सायबांस्नी वर न्हेता येत न्हाई. पर बहिणीला खाली आणता येतंय की."

त्यांनी सुभेदारांकडं बघितलं. सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. आणि त्या बोटानं, सकाळपासून मला कामं सांगणाऱ्या त्या बोटानं, गाडीतली आपली जागा दाखवली. शेजारची नाही. स्टेरिंगची.

मुलानं आणि टेम्पोवाल्यानं त्यांना उचलून चालवायच्या सीटवर बसवलं. वहिनींनी त्यांच्या डोक्यावरची टोपी सरळ केली, लुळा हात उचलून स्टेरिंगवर ठेवला. मी जॅक काढून गाडी जमिनीवर घेतली, चाकांना दगड लावले. चिंधीनं काच पुसली. टपरीवाल्यानं चहाचे पैसे घेतले नाहीत, आणि मी पण त्याच्याशी भांडलो नाही, जे मी एरवी नक्की केलं असतं.

वहिनींनी नणंदेला फोन लावला, आणि दीड तासानं घाटातनं टॅक्सी उतरली. मागच्या सीटवरनं एक बारकीशी बाई उतरली, डोक्यावर पदर, हातात स्ट्रॉबेरीची पेटी. रस्ता ओलांडायच्या आधीच तिनं गाडी ओळखली आणि मग गाडीत कोण कुठं बसलंय ते बघितलं. पेटी टॅक्सीच्या टपावरच ठेवून ती धावत आली.

"दादा! येतो म्हणून सांगितलंस, आन् हितंच बसलास व्हय रं? तुजी वाट बघून भाकरी वाळल्या की!"

सुभेदारांचा डावा हात शेजारच्या सीटवरनं पुढं गेला. दाराची आतली कडी त्यांना एका हातानं पुरत नव्हती, अंग तिरकं करावं लागलं. वहिनी पुढं निघाल्या तर मी त्यांचा पदर धरल्यासारखा हात आडवा केला. थोडा वेळ लागला. दार आतनं उघडलं, आणि ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.